डावीकडचे वळण

मी एक जुने गवत कापायचे यंत्र आहे. मला पेट्रोल लागत नाही, वीज लागत नाही. मागून कोणीतरी ढकलायचे आणि मी पुढे जाता जाता कापायचे, एवढाच माझा कारभार. मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या छत्र्या, खुर्च्या आणि घड्याळे फार सोशिक असतात असे मी ऐकले आहे. मी तसे नाही. दुसऱ्याचे चांगले झाले की माझ्या पोटात दुखते, आणि माझ्या पोटात पाच पाती आहेत, तेव्हा दुखणे केवढे असेल याचा तुम्हीच अंदाज करा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका लोखंडी दंडगोलावर पाच वाकडी पाती बसवली, त्यांच्याखाली एक सरळ पाते लावले, दोन बाजूंना चाके, मागे लाकडी रूळ, आणि दोन्ही हातांनी धरायला एक गुळगुळीत दांडा. मग कारागिराने धार बघायला माझ्या पात्यांत कागदाचा एक कपटा धरला. तो असा कापला गेला की आवाजसुद्धा झाला नाही. कारागीर म्हणाला, "झकास." माझा ऊर भरून आला. लगेच त्याने शेजारच्या यंत्रात कागद धरला आणि म्हणाला, "फारच झकास." तो 'फारच' मी आजवर विसरलेले नाही.

ट्रकमधून मला समुद्रकाठच्या एका गावात आणले. सुट्टी घालवायला येणाऱ्या लोकांचे ते गाव. उतरवताना हमालाच्या हातून मी निसटले आणि डाव्या अंगावर पडले. चाक चेपले. बस डेपोजवळच्या लोहाराने ठोकून ठोकून ते गोल केले, पण जुने माप काही परत आले नाही. तेव्हापासून मी सरळ चालत नाही, डावीकडे ओढते. त्या वेळी मला याची फार लाज वाटली होती.

ज्यांना गोल्फ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लांब काठीने एक लहानसा पांढरा चेंडू मारत मारत दूरच्या होलात, म्हणजे जमिनीतल्या खळग्यात घालायचा, असा तो खेळ आहे. पहिल्या फटक्यापासून त्या खळग्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. होलाच्या भोवती गवत अगदी बारीक कापलेले असते. खेळणारे त्या जागेला ग्रीन म्हणतात. आमचा माळी तिला हिरवळ म्हणायचा, म्हणून मीही हिरवळच म्हणते.

गावात गोल्फची मैदाने दोन. एक टेकडीवर, मोठ्या हॉटेलचे. त्याचे नाव बसवर, रेल्वे स्टेशनात, साबणाच्या वड्यांवरसुद्धा होते. तिथे तळी होती, तळ्यांत कमळे होती, आणि पायवाटांना दोन्हीकडून चुना मारलेला होता. दुसरे मैदान खाली, समुद्र आणि बस डेपो यांच्यामध्ये. ते नगरपालिकेचे. तिकीट काढायचे आणि खेळायचे, कोणीही यावे. होल फक्त नऊ. गावाच्या नकाशात आमच्या जागी 'सार्वजनिक सोयी' असे लिहिले होते, त्यामुळे काही लोक भलत्याच घाईने आत यायचे. मी या दुसऱ्या मैदानाचे यंत्र.

आमचे मैदान कसे होते म्हणाल, तर तिसऱ्या होलाच्या मधूनच समुद्रावर जायची वाट होती. टॉवेल खांद्यावर टाकून मंडळी चालली की खेळणाऱ्याने काठी खाली टेकवून थांबायचे. पाचवा होल डेपोच्या भिंतीला लागून. ऐन फटका मारायच्या वेळी पलीकडे एखादा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. सातव्याशी एकच झाड, वाऱ्याने कंबरेत वाकलेले. नववा होल संपायचा तिकिटाच्या खिडकीपाशी, आणि खिडकीशेजारी वाळत घातलेल्या चादरी. चेंडू चादरीला लागला तर तो फटका पुन्हा मारायचा, पण आधी चादरीची माफी मागायची, असा नियम होता. खिडकीत माळ्याची बहीण बसायची. सारे गाव तिला आत्या म्हणायचे. हा नियम तिनेच केला होता.

माळी तेव्हा तरुण होता. पहिल्या दिवशी त्याने मला सरळ चालवायचा प्रयत्न केला. मी डावीकडे गेले. त्याने दांडा उजवीकडे दाबला. मी तरीही डावीकडेच गेले. सकाळभर आमची ओढाताण चालली आणि हिरवळीवर कोंबड्यांनी उकरल्यासारखे ओरखडे उठले. शेवटी घाम पुसून तो होलाशी उभा राहिला.

"बरं, तुझं खरं," तो मला म्हणाला. "जा डावीकडे."

आणि होलापासून सुरुवात करून, डावीकडे वळत वळत, त्याने सगळी हिरवळ गोल गोल कापली. फेरी मोठी होत गेली आणि काठाला जाऊन संपली. जगात सगळीकडे हिरवळीवर सरळ पट्टे काढतात. आमच्याकडे फिरकी निघाली. गवत त्याच फिरकीत झोपायला शिकले, आणि चेंडू थांबण्याआधी किंचित वळायला लागला. नेहमीच्या खेळणाऱ्यांना किती वळतो ते ठाऊक झाले. नवखे मात्र आपल्या काठीला दोष द्यायचे. मग खिडकीतून आत्या सांगायची, "काठीला कशाला बोलता? हिरवळीचं वळण आहे ते." पुढे पुढे गावात कोणी बोलता बोलता भलतीकडे गेला, की लोक म्हणायचे, आलं, हिरवळीचं वळण आलं.

मित्रांनो, ते माझे वळण होते. माझ्या चेपलेल्या चाकाचे. म्हणजे माझी खोडच गावाच्या बोलण्यात गेली होती, आणि याचा मला फार अभिमान होता.

माळ्याला एक मुलगी झाली. ती पहिले पाऊल टाकायला शिकली ती माझ्या दांड्याखालची आडवी पट्टी धरून. मी जरा डावीकडे सरकले, तीही डावीकडे सरकली, आणि दोघे मिळून चादरींत गेलो. ती मोठी झाली तसे बापाने दांडा तिच्या हाती द्यायला सुरुवात केली. बाप माझ्याशी अजूनही थोडे भांडायचा. ती कधी भांडली नाही. मी ओढायच्या आधीच ती वळायची. काम झाले की ओल्या फडक्याने माझी पाती पुसायची, बारीक वाळू तेलात कालवून पात्यांना लावायची आणि दंडगोल उलटा फिरवून धार करायची. तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. मी तिला माझीच समजत होते.

आणि म्हणूनच टेकडीवरचे लाल मशीन माझ्या डोळ्यांत खुपायचे. ते बसून चालवायचे मशीन होते. त्याला इंजिन होते, गादी होती, वर छत्रीसुद्धा होती. गवत कापणाऱ्याला कसली आली छत्री? ऊन लागते म्हणून आमचा माळी डोक्यावर ओले फडके बांधायचा आणि त्याचे काही अडत नव्हते. पण आमच्या पत्र्याच्या खोलीला टेकडीच्या बाजूने एक फट होती, आणि काम संपल्यावर लेक त्या फटीतून लाल मशीन बघत बसायची. ती त्याच्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. एकदा टेकडीवाल्यांनी आमचा कापलेले गवत ओढायचा दाताळा चार दिवस उसना नेला. परत आल्यावर त्याचा तोरा काय विचारता. माझ्या शेजारी उभे राहायलाही त्याला कमीपणा वाटत होता, असे मला तरी वाटले.

मग माळ्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितले, चालायचे तेवढे चाला, ढकलायचे काही नाही. लेकीने नगरपालिकेत जाऊन सांगितले की बाबांच्या जागी मी काम करते. तिथल्या साहेबांनी मान हलवली. खाली खेळायला येते कोण, असे ते म्हणाले. एक पाववाला, दोन निवृत्त शिक्षिका आणि वाट चुकलेले चार पाहुणे. हा हंगाम बघू, माणसे वाढली तर ठीक, नाहीतर तिथे बस उभ्या करू. म्हणजे माझा प्रश्न अगदी साधा झाला होता. मला ढकलणारे कोणी उरते की नाही, आणि ढकलायला गवत उरते की नाही?

त्याच आठवड्यात टेकडीवरून निरोप आला. लेक पत्र्याच्या खोलीत माझी पाती पुसत होती आणि बाप दारात स्टुलावर बसला होता.

"बाबा, टेकडीवर बोलावलंय. लाल मशीनवर."

"मग जा की."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? गुडघा माझा गेलाय, तुझा नाही."

तिने माझ्याकडे बघितले. "आणि ह्याचं काय?"

"ते काय कुठं पळून जातंय," बाप म्हणाला.

खरे होते ते. मी कुठे जाणार होते? ती गेली. दुसऱ्या दिवशी फटीतून मला दिसले, लाल मशीनच्या गादीवर ती बसली होती आणि छत्रीची सावली तिच्या तोंडावर पडली होती. तिला ऊन लागत नव्हते, हे बघून मला बरे वाटायला हवे होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नंतरचे दिवस वाईट गेले. समुद्राचे खारे वारे पत्र्याखालून आत यायचे आणि माझ्या पात्यांवर तांबूस पूड चढायची. दंडगोलात कोळ्याने जाळे केले. पाववाल्याला आमची दया आली आणि एका सकाळी भट्टीचे काम आटोपून त्याने मला बाहेर काढले. माणूस मनाने चांगला, पण जन्मभर कणीक मळलेली. तो मला पुढे ढकलायचा आणि तसेच मागे ओढायचा, पुढे आणि मागे, एकाच जागी. त्या जागेवर टक्कल पडले. आत्याने खिडकीतून हाक मारून त्याला थांबवले. हिरवळी वाढल्या, होल गवतात बुडाले, आणि दोघी निवृत्त शिक्षिकासुद्धा खेळायचे सोडून बाकावर बसून लोकर विणू लागल्या.

आणि मग पाववाल्यानेच एक बातमी आणली. तो रोज सकाळी हॉटेलात पाव पोचवून खाली यायचा. तिकिटाची खिडकी आणि माझी खोली यांत एकच पत्रा होता, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे.

"आत्या, ऐकलंत का? तुमच्या भाचीनं टेकडीवर घोळ घातला."

"काय केलं आता?"

"आज तिथं मोठी स्पर्धा. व्हरांड्यासमोरची हिरवळ हिला कापायला दिली. सगळे सांगून थकले, पट्टे काढ, सरळ पट्टे काढ. आणि हिनं होलापासून सुरुवात करून गोल गोल कापून ठेवली."

"त्या लाल मशीनवर बसून?"

"बसूनच तर. पाहुण्यांचे चेंडू होलापर्यंत यायचे आणि शेजारून फिरायला निघून जायचे. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, हा काय प्रकार आहे? ही म्हणते, साहेब, लक्षात नाही आलं, हाताला वळणच तसं आहे."

"काढली का कामावरून?"

"काढतच होते. पण एक बाई मध्ये पडल्या."

मित्रांनो, पत्र्यापलीकडे मला काय वाटले ते कसे सांगू? ती लाल मशीनच्या गादीवर बसली होती, पण हात माझेच होते. त्या छत्रीवाल्याला, त्याला इंजिन असून, डावीकडे जावे लागले. गंजलेल्या अंगाने मी त्या दिवशी जेवढे सुखी होते तेवढे नवेकोरे असतानाही नव्हते.

मध्ये पडलेल्या बाई एका मासिकात लिहायच्या. समुद्रकाठच्या गावांत जायचे, मोठी मैदाने सोडून कोणाला ठाऊक नसलेली सार्वजनिक मैदाने हुडकायची, तिथे खेळायचे आणि काय दिसले ते लिहायचे, असे त्यांचे काम होते. हॉटेलात त्या फक्त झोपायला उतरल्या होत्या. त्यांनी मॅनेजरला बाजूला केले आणि लेकीला विचारले, "हे वळण तू कुठे शिकलीस?" तिने बोट करून खाली दाखवले.

संध्याकाळी लेक धावत आली. तिने कोळ्याला काडीवर घेऊन बाहेर सोडले, मला रॉकेलने पुसले, तेल आणि वाळू लावून धार केली. बाप स्टुलावर बसून सांगत होता, आणि ती, "ठाऊक आहे हो बाबा," म्हणत होती. सकाळी बाई यायच्या आत आम्ही निदान नवव्या होलाची हिरवळ कापून काढली. एवढ्या दिवसांनी ओले गवत पात्यांना लागले. वर्णन करून सांगण्यासारखे नाही ते.

बाई खेळल्या. तिसऱ्या होलाला टॉवेलवाल्यांसाठी थांबल्या, पाचव्याला हॉर्नने दचकल्या, नवव्याशी येताना त्यांचा चेंडू चादरीला लागला आणि आत्याने सांगितल्यावर त्यांनी चादरीची रीतसर माफी मागितली. मला त्या आवडू लागल्या होत्या. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "परवा मी मिठागरांच्या मागच्या मैदानावर होते. काय मऊ हिरवळ आहे तिथली." माझ्या पोटात पहिली कळ आली. "आणि दीपगृहापाशी एक आहे, तिथे गवत कापतच नाहीत. ससेच खातात. इतकं छान खातात म्हणून सांगू." म्हणजे आता सशांशीही तुलना. मोठ्यांचा मत्सर करायची मला सवय होती. आपल्यासारख्या लहानांचाही करावा लागेल, हे मला ठाऊक नव्हते.

बाईंनी चेंडू होलाकडे ढकलला. तो जवळ गेला आणि वळून निघून गेला. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. त्या हसल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी होलाकडे न बघता भलतीकडेच नेम धरला, आणि चेंडू आपला आपण फिरून आत पडला. मग त्या हिरवळीवर चक्क बसल्या आणि तळहाताने गवताची फिरकी चाचपू लागल्या.

"अक्षराला वळण असतं ना," त्या माळ्याला म्हणाल्या, "तसं आहे हे. कोणीतरी हाताने लिहिल्यासारखं."

"मला अक्षर तसं बरं नाही," माळी म्हणाला. "पण हे जमतं."

त्यांचे लिखाण मासिकात आले आणि आमच्याकडे माणसे येऊ लागली. कोणी मुद्दाम वळण बघायला, कोणी चादरीची माफी मागायला. आत्याला खिडकीत दुसरी खुर्ची लागली. हंगाम संपता संपता साहेब स्वतः येऊन नवव्या होलावर चार वेळा चुकले आणि म्हणाले, बसगाड्यांचे पुढे बघू. माळ्याच्या जागी लेकीला घेतले. तिने लाल मशीनची किल्ली टेकडीवर परत केली. मी जिंकले होते. सकाळी ती यायची, दांडा धरायची, आणि आम्ही होलापासून डावीकडे निघायचो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. एखादी खुर्ची असती तर तिने संपवली असती. पण आत्याने ते मासिक खिडकीत लावले होते आणि येणारा प्रत्येक जण ते मोठ्याने वाचायचा. त्यात लिहिले होते, 'माळ्याच्या लेकीच्या हाताला सुरेख वळण आहे.' माझ्याबद्दल अर्धे वाक्य होते. 'एका जुनाट यंत्राने' एवढेच. मित्रांनो, वळण कोणाचे होते? चाक कोणाचे चेपले होते? लोक तिच्याबरोबर उभे राहून फोटो काढायचे आणि मला जरा बाजूला सरकवायचे, दांडा फोटोत आडवा येतो म्हणून. ज्या मुलीसाठी मी लाल मशीनवर जळले, तिच्यावरच आता जळू लागले.

म्हणूनच टेकडीवरचा मॅनेजर खाली आला तेव्हा मी कान टवकारले. त्याने मासिक वाचले होते. त्याला हॉटेलच्या दिवाणखान्यात ठेवायला मी हवे होते. बदल्यात तो एक नवे हातयंत्र देणार होता, हलके आणि सरळ चालणारे.

"ते चालतंय अजून," लेक म्हणाली.

"चालतंय तोवरच द्यावं," बाप म्हणाला. "इथं खाऱ्या वाऱ्यानं किती दिवस टिकेल? तिथं छपराखाली राहील. पुसतील, जपतील. फार केलंय त्यानं आपलं."

"आणि मी?"

"तुला नवं मिळतंय की, पोरी."

ती बराच वेळ माझा दांडा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर द्या." मला बोलता आले असते तर त्या क्षणी मी काय म्हणाले असते? द्या, लवकर द्या, असेच म्हणाले असते. टेकडीवर, छपराखाली, माझ्या एकट्याच्या नावाची पाटी लावून. मला जायचेच होते.

टेकडीवर माझे फार कौतुक झाले. गंज खरवडून काढला, दांड्याला चकचकीत रोगण दिले, पितळेच्या पट्टीवर माझी माहिती कोरली. कोणाला लागू नये म्हणून पात्यांची धार घासून घालवली. हलू नये म्हणून चाके चौथऱ्याला पक्की केली. भोवती जाड मऊ दोरी लावली, वर दिवा. पाहुणे यायचे, वाचायचे, वा म्हणायचे. लाल मशीन खिडकीबाहेर उभे असायचे. जवळून बघितले तर त्याची छत्री फाटलेली होती आणि गादीतून काथ्या बाहेर आला होता. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हते. मी त्याच्यासमोर बरेच दिवस मनसोक्त मिरवून घेतले.

माझ्या खिडकीतून खालचे मैदान दिसते. एका सकाळी नवव्या होलाशी लेक दिसली. तिच्या हातात ते नवे यंत्र होते. मी बघत राहिले, कारण आता पट्टे निघणार, हे मला ठाऊक होते. नव्या यंत्राची दोन्ही चाके सारखी. त्याला सरळच जाता येते. आता सगळ्या गावाला कळेल, वळण कोणाचे होते ते.

तिने होलापासून सुरुवात केली आणि डावीकडे वळली. फेरी मोठी होत गेली, काठाला जाऊन संपली, जशी माझ्याबरोबर संपायची तशीच. त्या सरळ चालणाऱ्या यंत्राला ती सहज वळवत होती. काम झाल्यावर तिने खाली बसून ओल्या फडक्याने त्याची पाती पुसली. त्याच्या अंगाला गवत चिकटलेले इतक्या लांबूनही दिसत होते.

तळ्यांचा, कमळांचा, छत्रीचा मत्सर मी आयुष्यभर केला. पण तेव्हा जे झाले त्याच्यापुढे ते सगळे काहीच नव्हते. अंगाला चिकटलेल्या चार ओल्या काड्यांसाठी मी माझी पितळेची पट्टी, दिवा आणि दोरी त्याच क्षणी देऊन टाकली असती. घेणारे कोणी नव्हते.

परवा ती मला भेटायला आली. बापाचा निरोप सांगायला हॉटेलात आली होती, तशीच आत आली. केस बांधलेले, स्वच्छ कपडे, हात साबणाने धुतलेले. दोरीपाशी थांबून तिने माझ्याकडे बघितले. माझ्या पात्यांकडे बघितले तेव्हा धार गेलेली तिला लगेच कळली. तिचा चेहरा उतरला. तिने दोरीवरून हात पुढे केला, दांड्याकडे.

"ताई, हात लावू नका," दारावरचा माणूस म्हणाला. तो नवीन होता, तिला ओळखत नव्हता. "पाटी लावली आहे बघा."

"हो का? चुकलं माझं," ती म्हणाली.

तिने हात मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी कात्री असेल, शिवणयंत्र असेल, कोणाची तरी सायकल असेल. त्यांना जपा असे सगळेच सांगतात. मला ज्यांनी इथे ठेवले त्यांनीही जपण्यासाठीच ठेवले आणि त्यांच्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही. माझे मागणे एवढेच आहे की अशा वस्तूंपुढे पाटी लावू नका. त्यांना हात लावा. वापरून वापरून झिजवा, मोडल्या तर मोडू द्या. आणि या दिवाणखान्यात कधी आलात, तर दारावरच्या माणसाची नजर चुकवून माझा दांडा क्षणभर धरा. चाके पक्की केलेली आहेत, मी हलणार नाही. तरी जरा डावीकडे ढकलून बघा.